अप्पांच्या टांग्याची मागची शीट

माणूस भेटला की कुणी रामराम म्हणतं, कुणी शरणार्थ म्हणतं, कुणी सलाम करतं. आमच्या समोरचे वीरभद्रअप्पा थेट वजन सांगायचे.

"ब्याऐंशी," ते माझ्याकडं बघून म्हणायचे. "सर, तुमी पुढं बसायचं."

माझ्या बायकोला त्यांनी भर गल्लीत "एकाहत्तर, मागं, पण कडंला न्हाई" असं सुनावलं, तेव्हा त्यांच्या घरची वाटी आमच्याकडंच आठ दिवस पडून राहिली. आमच्या मुलीला बघायला पाहुणे आले, तर मुलाच्या वडलांना दारातच, "एकशे चार! तुमचं काय खरं न्हाई." ते स्थळ मोडलं. मोडलं दुसऱ्याच कारणानं, पण मी कितीतरी दिवस अप्पांच्या नावानं बोटं मोडत होतो. आणि चीड अशी, की कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातल्या मोठ्या काट्यावर मी गुपचूप चढून बघितलं, तर बरोबर ब्याऐंशी भरलो. माणसाचं वजन ओळखण्यात अप्पा कधी चुकले नाहीत. एकदाच चुकले, आणि तेच सांगायला मी बसलोय.

अप्पा एसटीत ड्रायव्हर होते. चौतीस वर्षं उदगीर-देगलूर, उदगीर-नांदेड, उदगीर-लातूर. रिटायर झाले तरी अंगातला खाकी शर्ट काही उतरला नाही, आणि एक खोड तर हाडात मुरलेली. बेल झाल्याशिवाय हा माणूस जागचा हलायचा नाही. भाजी आणायला निघाले तरी पिशवी घेऊन उंबऱ्यात उभे. आतून गंगाक्कांनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, ताटावर पळी दोनदा वाजवली की मगच पाय बाहेर.

"डबल बेलीबिगर गाडी हालवायची न्हाई, सर. कायदा हाय," असं मला डोळे मोठे करून सांगायचे.

"अहो, गाडी कुठंय? तुम्ही चालत चाललात."

"म्हनून काय झालं?"

आता देवाची करणी बघा. चौतीस वर्षं बस चालवणाऱ्या ह्या माणसाच्या बायकोला गाडी लागायची. साधीसुधी नाही. एसटी लागायची, जीप लागायची, रिक्षात तर पुरतं बसायच्या आधीच तोंडाला पदर. आमच्या टीव्हीवर एकदा घाटातली मोटार दाखवत होते, तर गंगाक्का उठून मोरीत गेल्या. नवऱ्याच्या गाडीत त्या जन्मात एकदाच बसल्या. लग्नानंतर लगेच, ड्रायव्हरच्या मागच्या पहिल्या शीटवर. "पुढचं इचारू नका," असं अप्पा म्हणायचे. "त्या दिवशीपासून माझ्या आरशात सगळी दुनिया बसून गेली, ही तेवढी दिसली न्हाई."

त्यांना मूलबाळ नव्हतं. अक्कांचं सगळं जग म्हणजे आमची गल्ली, महादेवाचं देऊळ आणि आठ किलोमीटरवरचं माहेर. माहेराला त्या चालत जायच्या, पहाटे निघून. पुढं गुडघे गेले आणि माहेर तुटलं. बारा वर्षं. मधे त्यांचा धाकटा भाऊ वारला. अप्पांनी रिक्षा आणली, अक्कांना बसवलं. गावाबाहेरच्या पेट्रोल पंपापर्यंत जाईतो बाई अशी पिवळी पडली, की रिक्षावाल्यानंच हात जोडले. परत आणावं लागलं. सख्ख्या भावाच्या मातीला जाता आलं नाही. त्या दिवशी आमच्या ओट्यावर बसून अक्का म्हणाल्या, "मी लग्नात टांग्यातनं आले व्हते वो. तवा न्हाई लागलं मला काही."

"रडायच्या नादात राहिलं असल," असं अप्पा म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ताटावर दोन ठोके पडले आणि अप्पा जे निघाले, ते टांगा करणारा मिस्त्री शोधायलाच.

गल्लीत हसून हसून मुरकुंडी वळली. ह्या काळात नवा टांगा! जुने टांगे लोकांनी चुलीत घातले, आणि हे नवा करून घेतायत. म्हातारचळ, हौसेला मोल नाही, असलं सगळं बोलून झालं. मीही बोललो. खोटं कशाला सांगू, सगळ्यात जास्त मीच बोललो.

टांगा करणारा तरी कुठं मिळणार? रहीम मिस्त्री टेम्पोच्या बॉड्या बांधायचे. तरुणपणी बापाच्या हाताखाली त्यांनी टांगे केलेले. आधी त्यांनी अप्पांना हाकलूनच दिलं. पण अप्पा रोज जाऊन दुकानापुढं उभे, बेलीची वाट बघितल्यासारखे. शेवटी म्हातारा वैतागला. "बैठो अप्पा. टांगे का सब खेल वजन का है. आगे कौन, पीछे कौन, ये बोलो पैले."

मग त्यांनी समजावून सांगितलं. टांग्याला दोन चाकं. मागं भार जास्त झाला की गाडी उलाळते, घोड्याच्या दोन्ही बाजूच्या दांड्या वर जातात, घोडं अधांतरी. पुढं जास्त झाला की सगळं ओझं घोड्याच्या पाठीवर. दोन्ही बाजू तोलून चाकांचा आख बसवायचा असतो.

"पुढं मी, अडुसष्ट," असं अप्पांनी सांगितलं. "मागं ही, पंचावन्न. दवाखान्यात काट्यावर हुभी केली व्हती, पक्कं हाय."

मिस्त्रींनी त्या हिशोबानं आख बसवला. टांगा झाला मात्र देखणा. हिरवी बॉडी, पितळी कड्या. अप्पांनी वर पुढच्या बाजूला एसटीसारखा आरसा लावला आणि मागच्या शीटपाशी घंटीची दोरी सोडली. मागच्या शीटचं तोंड अर्थातच मागं. मी काळजीनं म्हणालो, "अप्पा, उलटं तोंड करून बसलं की चांगल्या माणसाला मळमळतं." तर अक्काच आतून म्हणाल्या, "न्हाई, सर. सासरी येताना मागं तोंड व्हतं म्हनून तर माहेर लई येळ दिसत राहिलं."

घोडी माळेगावच्या जत्रेतनं आणली. पांढरी, गरीब डोळ्यांची. घरी आल्यावर कळलं की ती वरातीची आहे. कुठं ताशा वाजला, मोबाईलची घंटी वाजली, फार काय, दळणाच्या गिरणीचा पट्टा लयीत आला, की ही मधोमध उभी राहून नाचायची. अप्पा खाली उतरून तिची समजूत घालायचे. "बाई, लगीन झालं समद्यांचं. चल आता."

चार महिने त्यांनी तिला शिकवलं. मागच्या शीटवर अक्कांच्या जागी पंचावन्न किलोचं जवारीचं पोतं, ओढणीनं बांधलेलं, आणि पोत्यावर काठोकाठ भरलेला पाण्याचा तांब्या. पाणी सांडलं की फेरी बाद. "हिला गचका बसला न्हाई पायजे," एवढंच म्हणायचे. सकाळी जायचे ते दुपारी यायचे, जेवून परत जायचे. वजनाचं वेड तेव्हाच लागलं. येता जाता दिसेल त्याला बसवायचं, तोलायचं, उतरवायचं. डोळा इतका तयार झाला की बसवायचीही गरज उरली नाही.

त्याच दिवसांत माझी बायको मला म्हणाली, "गंगाक्कांच्या बांगड्या कोपरापर्यंत चढायल्यात. जेवण जात नाही म्हणतात."

मी पेपरातून मान वर न काढता म्हणालो, "वय झालं की माणूस वाळतंच." मेलं, असले शहाणपणाचे शब्द बरे वेळेवर सुचतात माझ्यासारख्याला. अक्कांना विचारलं तर म्हणायच्या, "ह्यांना काही सांगू नगा. टांगा टाकून दवाखान्याच्या मागं लागतील. एकडाव माहेर बघू द्या मला."

शेवटी एका सोमवारी तांब्यातलं पाणी सांडलं नाही. पुढच्या सोमवारी निघायचं ठरलं.

सगळी गल्ली दारात. अक्कांनी हिरवं इरकल नेसलेलं, त्याच्या निऱ्या पोटाशी इतक्या की गाठोडं वाटावं. अप्पांनी पोतं खाली उतरवलं, स्टूल ठेवलं, अक्कांना हात धरून वर चढवलं. मग पुढं जाऊन ऐटीत बसले, आरसा नीट केला.

आणि टांगा पुढं झुकला. दांड्या घोडीच्या पाठीवर दाबल्या, ती फुरफुरली.

"अगं, मागं सरक की जरा," अप्पा म्हणाले.

"मागंच हाय की वो."

"आनखी सरक."

"आता कुठं सरकू? पार कडंला आलीया."

अप्पांनी आरशात बघितलं, पण आरशात नुसता अंबाडा दिसत होता. लगाम बांधून ते खाली उतरले, टांग्याला वळसा घालून मागं आले आणि अक्कांसमोर उभे राहिले. सगळ्या उदगीरला एका नजरेत तोलणारा हा माणूस. आपल्या बायकोकडं त्यानं त्या दिवशी तसं पहिल्यांदाच बघितलं. ओठ हलले. आकडा तोंडापर्यंत आला होता, मी पाहिला. पण तो त्यांनी उच्चारला नाही.

अक्कांनी पदर पुढं ओढून घेतला आणि मान खाली घातली, चोरी सापडल्यासारखी.

अप्पांनी उतरवलेलं पोतं सोडलं. एका रिकाम्या पिशवीत डब्यानं जवारी भरत गेले, पिशवी अक्कांच्या पायाशी ठेवली. दांड्या बघायच्या, आणखी एक डबा. पुन्हा बघायच्या, आणखी एक. कुणी हसत नव्हतं. चौदा किलो झाल्यावर दांड्या समतोल आल्या. अप्पा माझ्याजवळून जाताना थांबले.

"चौदा किलो बाई माझ्या गाडीतनं उतरून गेली, सर," ते हळूच म्हणाले, "अन् मला बेल ऐकू आली न्हाई."

मी खाली बघितलं. मला ठाऊक होतं ना! बायकोनं सांगितलं होतं.

"निघा की आता, ऊन व्हायलंय," अक्का म्हणाल्या आणि त्यांनी दोरी दोनदा ओढली.

टांगा गेला. आठ किलोमीटर जाऊन आठ किलोमीटर परत आला, आणि अक्कांना काही म्हणता काही लागलं नाही. संध्याकाळी उतरल्या तेव्हा ओटीत भावाच्या शेतातल्या कैऱ्या होत्या. भावाच्या मातीपाशी बसून आल्या होत्या. रडून डोळे सुजलेले, पण चेहरा असा की माझ्या बायकोनं त्यांना मिठीच मारली.

दुसऱ्या दिवशी अप्पांनी त्यांना लातूरला नेलं, झोपेचं इंजेक्शन देऊन. डॉक्टरांनी फार काही लपवलं नाही. रोग पोटात पसरला होता. आधी आला असता तर, असं ते म्हणाले म्हणे. हे वाक्य अप्पांनी मला पुन्हा पुन्हा सांगितलं, आणि मी दर वेळी, "अहो, डॉक्टर लोक म्हणतातच तसं," एवढंच म्हणू शकलो.

त्यानंतर दर सोमवारी टांगा माहेराला जायचा. निघण्याआधी अप्पा दांड्या बघायचे आणि अक्कांच्या पायाशी जवारी घालायचे. आधी एखादा डबा, पुढं दोन, मग तीन. पिशवीचं पोतं झालं. अक्का घटत होत्या आणि पोतं भरत होतं. वजन सांगणं अप्पांनी बंद केलं. मी समोर आलो की नुसतं "या सर" म्हणायचे, आणि मला ते ब्याऐंशी ऐकायची इतकी सवय झालेली, की चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

दिवाळीच्या तोंडावर अक्का गेल्या. आमच्याकडच्या लिंगायत रीतीप्रमाणं त्यांना बसवून, फुलं घालून नेलं. भजनाचे टाळ सुरू झाले आणि दाराशी बांधलेली घोडी नाचायला लागली. एक पाय उचलायची, मान डोलवायची. कुणीतरी काठी घेऊन धावलं. अप्पांनी त्याचा हात धरला. "नाचू द्या. ती तरी नाचू द्या," म्हणाले, आणि तिथंच खाली बसले.

पुढचा सोमवार उजाडला. सकाळी बघतो तर टांगा जोडून गल्लीत उभा. मागच्या शीटवर भरलेलं पोतं, ओढणीनं बांधलेलं. पंचावन्न किलो, मला विचारायची गरज नव्हती. खाकी शर्ट घालून अप्पा पुढं बसलेले, हातात लगाम. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली, टांगा हलेना. मागं एक दूधवाला खोळंबला. "घोडी अडली का काय?" असं कुणीतरी विचारलं.

"घोडी नाही अडलेली," माझी बायको आतून म्हणाली. "जा तुम्ही."

मी चप्पल न घालताच गेलो. टांग्याजवळ उभा राहून म्हणालो, "अप्पा, येऊ का मी मागं? सोबतीला."

त्यांनी आरशातून माझ्याकडं बघितलं. "जागा न्हाई, सर. शीट भरलेली हाय." मग लगाम सारखा केला. "फकस्त तेवढी बेल मारता का?"

मी दोरी हातात घेतली आणि दोनदा ओढली. टांगा निघाला.