पट राखण्याची मोहीम

१९२६ साली सोनगीरच्या पुढल्या एका खेड्यातील मुलींच्या शाळेत मुली रीतसर दाखल होत आणि तिसरीत पोचता पोचता निघून जात. कारण एकच असे : लग्न. अखेर जिल्ह्याच्या कचेरीने कळवले, की पट तिसाच्या खाली गेल्यास दोन शिक्षकांपैकी एक अनावश्यक समजण्यात येईल.

मुख्याध्यापक तोताराम गुरुजींनी हुकूम वाचला आणि दुसऱ्या शिक्षिका यशोदाबाईंना धीर दिला, "बाई, घाबरू नका. तुमची जागा मी वाचवतो." यशोदाबाई विधवा; पदरी म्हातारी आई. त्यांनी हात जोडले.

त्याच आठवड्यात लोटन पाटील आपल्या मुलीसाठी, भागीसाठी, आलेल्या चाळीसगावच्या स्थळाबद्दल विचारायला आला.

"पोऱ्या चांगला शे ना, गुरुजी?"

"उत्तम! फक्त झोपेत चालतो म्हणे."

"मंग रातले हिरीत पडना म्हणजे?" लोटनने स्थळ मोडले. भागी शाळेत राहिली.

उपाय लागू पडला. पुढच्या वराला फेफरे निघाले, त्याच्या पुढचा बैरागी होण्याच्या विचारात असल्याचे समजले. वर्षभर गावात वरात निघाली नाही. वाजंत्रीवाले गाव सोडून गेले. तपासणीला आलेले साहेब चौथीचा भरलेला वर्ग पाहून गहिवरले. ही किमया कशी केली, असे विचारता गुरुजी नम्रपणे म्हणाले, "पालकांशी विचारविनिमय." कचेरीने ही पद्धत सर्व शाळांना लागू केली आणि जिल्ह्यातील बहुतेक लग्नाळू मुलगे झोपेत चालू लागले.

एवढ्यात गुरुजींच्या मुलीला, प्रमिलेला, जळगावचे स्थळ आले. मुलगा रेल्वेत. प्रमिला वर्गात पहिली.

यशोदाबाई धीर करून म्हणाल्या, "गुरुजी, ही पोर उद्या मास्तरीण होईल. शिकू द्या तिला."

"बाई, शिक्षण काय, कधीही घेता येतं. असं स्थळ पुन्हा येत नाही."

"आबा, हाही झोपेत चालतो ना?" प्रमिलेने आशेने विचारले.

"गप! रेल्वेतल्या माणसाला झोप मिळते कुठे?"

लग्न थाटात झाले. पाठवणीच्या वेळी प्रमिला यशोदाबाईंच्या गळ्यात पडून रडली. माहेरची केवढी ओढ, म्हणून बायकांनी कौतुक केले.

नेमका तिसावर टेकलेला पट एका मुलीने तिसाच्या खाली आला. एक शिक्षक अनावश्यक ठरला. मात्र मुलींच्या शाळेत एकच शिक्षक ठेवायचा तर ती बाईच असावी, असा नियम निघाला. गुरुजींची बदली थेट सातपुड्याच्या पायथ्याशी झाली.

निरोपसमारंभाचे अध्यक्षपद लोटन पाटलाकडे होते. भाषणांत गुरुजींना स्त्रीशिक्षणाचे कैवारी म्हटले गेले, गुरुजींनी डोळे पुसले आणि मुली शिकल्याच पाहिजेत, हा ठराव टाळ्यांच्या कडकडाटात मंजूर झाला.

मागे उभ्या यशोदाबाईंनी विचारले, "कोणाच्या मुली?"

अध्यक्षांनी प्रश्न वेळेअभावी पुढल्या सभेवर टाकला. त्यानंतर सभा पुष्कळ झाल्या. वाचकहो, आपल्याला वेळ असेल तर उत्तर द्यावे. नसेल तर टाळ्या वाजवल्या तरी चालेल.