जांभूळवनच्या संघाने कप आणला त्याची गोष्ट

जांभूळवन नावाच्या एका जंगलात, बाळांनो, वाघ नव्हता, पण महाविद्यालय होतं. दचकू नका. जिथं चार झाडं आणि एक अध्यक्ष असतो तिथं महाविद्यालय निघतंच.

या महाविद्यालयाचे अध्यक्ष होते गवा बापूसाहेब. अंगानं दांडगे, स्वभावानं मोकळे, आणि भाषणाला उभे राहिले की संध्याकाळपर्यंत न बसणारे. महाविद्यालयात पुस्तकं कमी होती, खडू त्याहून कमी. पण बास्केटबॉलचं मैदान होतं. सिमेंटचं, सपाट, दोन्ही टोकांना खांब आणि खांबावर कडी. अख्ख्या जंगलात तेवढीच सपाट जागा होती. हे लक्षात ठेवा, नंतर मला विचारू नका.

पुरुषांच्या संघात सहा जण होते. पाच खेळायचे. सहावा बाकावर बसायचा. त्याचं नाव मुकुंदा साळिंदर.

मुकुंदा गरीब स्वभावाचा होता. पण काटे तर काटेच. वर्गात त्याच्या शेजारी कोणी बसत नसे. खानावळीत त्याचं ताट कोपऱ्यात. पहिल्या वर्षी त्याने अकरा चेंडू फोडले, तेव्हा प्रशिक्षक सांबर सरांनी कपाळाला हात लावला. मुकुंदाने मात्र चिकाटी सोडली नाही. चेंडू अंगापासून लांब, दोन्ही पंजांत धरायचा, गुडघ्यात वाकायचं आणि खालून वर फेकायचा, अशी त्याने स्वतःची एक रीत बसवली. दिसायला ती रीत अगदीच ध्यान होती. सगळे हसायचे. मुकुंदा फेकत राहायचा. चेंडू वर जायचा, कडीतून पडायचा आणि उड्या मारत त्याच्याकडेच परत यायचा. त्याच्याकडे आपणहून येणारं जगात एवढंच काय ते होतं. त्यामुळे त्या मैदानावर त्याचा जीव होता.

हंगामाचा पहिला सामना नदीकाठच्या मगरींशी झाला. मगरींना उडी मारता येत नाही हे त्यांना सामना सुरू झाल्यावर कळलं. कर्णधार प्रताप वानराने एकट्याने तीस गुण केले. जांभूळवन जिंकलं.

आता दुसरा कोणी असता तर दुसऱ्या दिवशी सरावाला लागला असता. पण बाळांनो, आपल्याकडे जिंकल्यावर आधी सत्कार करतात. सत्कार म्हटला की मंडप आला, आणि मंडप म्हटला की सपाट जागा आली. झालं. मैदानावर बांबू रोवले, व्यासपीठ उभं राहिलं. खांबाला संघाचा फोटो असलेला भला मोठा फ्लेक्स बांधला. फोटोत खेळाडू अंगठ्याएवढे होते आणि बापूसाहेब खऱ्याहून मोठे.

बापूसाहेबांनी एकेकाला शाल पांघरली, नारळ दिला. मुकुंदाची पाळी आली. बापूसाहेबांनी त्यालाही मायेने शाल घातली आणि पाठीवर शाबासकीची थाप मारली.

पुढचा अर्धा तास बापूसाहेबांच्या तळव्यातले काटे काढण्यात गेला. शालीच्या चिंध्या झाल्या त्या वेगळ्याच. मुकुंदा बिचारा शरमेने अर्धा झाला. संचालक मंडळाने तातडीने ठराव केला की, साळिंदर यांना यापुढे सत्कारातून सवलत देण्यात यावी.

तेव्हापासून पाच जण व्यासपीठावर आणि मुकुंदा मंडपाच्या मागे. तिथं दुसऱ्या टोकाची कडी मोकळी होती. मग तो तरी काय करणार? चेंडू फेकत बसायचा. भाषणाच्या मधेमधे मागून धप्प धप्प ऐकू यायचं. वक्त्यांना वाटायचं, मागच्या रांगेतून दाद मिळते आहे. ते आणखी खुलायचे.

एका सत्काराने भागलं असतं तर ही गोष्ट मी सांगितलीच नसती. माजी विद्यार्थी संघाला वाटलं, आपण मागे का? मग त्यांच्यातर्फे सत्कार. मग खारींच्या महिला मंडळातर्फे. मग ज्यांनी सत्कार केले त्यांचा बापूसाहेबांतर्फे सत्कार. दर सत्काराला जिलेबी आणि मठ्ठा. अस्वल होतं संघात, ते तर जेवणाची वेळ विचारूनच सत्कार स्वीकारायचं. मंडप काढायचा तरी कशाला, परवा परत घालायचाच आहे, म्हणून तो तिथेच राहिला. सांबर सरांनी एकदा भीत भीत सरावाचं काढलं. बापूसाहेब म्हणाले, पोरांना प्रोत्साहन देतोय ना आपण, आणखी काय हवं?

दुसरा सामना बेडकांशी होता. बेडूक उन्हाळ्याचे जमिनीखाली झोपतात. ते आलेच नाहीत. न खेळता विजय मिळाला, म्हणून सत्कार दुप्पट.

तिसरा सामना डोंगरापलीकडच्या रेड्यांशी. रेड्यांकडे सत्काराची पद्धत नव्हती. मागासलेलं जंगल, दुसरं काय! ते आपले रोज सराव करायचे. त्यांनी आपल्या पोरांना चांगलं धुतलं. प्रताप वानराला उडीच बसेना, पोटात जिलेबी डुचमळायची. तेवीस गुणांनी हार झाली. तरी आधीच्या दोन विजयांच्या जोरावर जांभूळवन अंतिम सामन्यात पोचलं, आणि समोर पुन्हा तेच रेडे.

हरल्याचाही सत्कार झाला. झुंजार पराभवाबद्दल. पण त्या सत्कारात बापूसाहेबांनी एक घोषणा केली. संचालक मंडळाचे सदस्य हत्तींवर बसून सभेला येतात आणि ते हत्ती उन्हात ताटकळतात, ही गोष्ट त्यांच्या फार दिवस मनात होती. अंतिम सामन्यात कप आला तर उत्तम. नाही आला, तर मैदानावर छप्पर घालून तिथं हत्तीतळ करायचा.

टाळ्या पडल्या. मंडपामागे मुकुंदाच्या हातातला चेंडू तसाच राहिला. मैदान गेलं तर त्याने जायचं कुठे? वर्गात? खानावळीच्या कोपऱ्यात? त्या दिवशी तो दिवे लागेपर्यंत चेंडू फेकत होता, आणि फेकताना रडत होता. साळिंदराचे डोळे पुसायला जवळ कोणी येत नाही, बाळांनो.

अंतिम सामना उजाडला. रेडे सुरुवातीपासूनच पुढे होते. पण अस्वल आणि संघातलंच रानडुक्कर यांनी जेवणाऐवजी त्यांना धक्के द्यायला सुरुवात केली आणि कसाबसा सामना सावरला. शेवटी एकाच गुणाचा फरक राहिला. तेवढ्यात अस्वलाचा पाचवा फाऊल झाला. पाच फाऊल झाले की मैदान सोडावं लागतं. सांबर सरांनी बाकाकडे पाहिलं. बाकावर एकटा मुकुंदा.

सरांनी आधी आभाळाला हात जोडले. मग म्हणाले, "जा बाबा. चेंडू तेवढा फोडू नकोस."

मुकुंदा आत गेला. प्रतापने नाइलाजाने त्याच्याकडे चेंडू टाकला. मुकुंदाने तो लांब धरला, गुडघ्यात वाकला. रेड्यांच्या कर्णधाराने हे ध्यान पाहिलं, त्याला हसू आलं, आणि मुंडी खाली घालून त्याने धडक मारली. साळिंदराला धडक!

रेडा असा ओरडला की पंचांची शिट्टी कोणाला ऐकू आली नाही. चूक रेड्याची होती. मुकुंदाला दोन मोकळ्या फेकी मिळाल्या. वेळ संपली होती. एक गेली तर बरोबरी, दोन्ही गेल्या तर कप.

मैदान परकं होतं, कडी परकी होती. पण उंची तीच. मुकुंदाने डोळे मिटले, आणि त्याला मंडपामागची दुपार आठवली. पहिली गेली. धप्प. सांबर सर बाकाखाली शिरले. दुसऱ्या फेकीचा चेंडू कडीवर नाचला, थांबला, विचार करून आत पडला.

जांभूळवन जिंकलं! मुकुंदाला खांद्यावर कोण घेणार? पण पोरं त्याच्याभोवती रिंगण धरून नाचली. परतीच्या वाटेवर बैलगाडीत प्रताप वानर त्याच्या अगदी शेजारी येऊन बसला. मांडीत दोन काटे घुसले तरी उठला नाही. मुकुंदाला इतका आनंद आयुष्यात कधी झाला नव्हता. मैदान वाचलं होतं.

दुसऱ्या दिवशी मैदानावर सारं जंगल जमलं. बापूसाहेब भाषणाला उभे राहिले. त्यांनी सांगितलं की, हत्तीतळाचा विचार संस्थेने कायमचा सोडला आहे. मुकुंदाने दोन्ही पंजे जोडले. बापूसाहेब पुढे म्हणाले की, एवढा मोठा कप, तो उघड्यावर ठेवायचा का? एवढे मोठे सत्कार होणार, ते कापडी मंडपात करायचे का? म्हणून संस्था इथं, याच पवित्र जागी, पक्कं क्रीडागौरव भवन बांधणार आहे. सभागृह, व्यासपीठ, मागे स्वयंपाकघर. सिमेंट उद्याच फोडायचं. आणि साळिंदर खणण्यात वाकबगार, तेव्हा पायाची पहिली कुदळ मारण्याचा मान विजयवीर मुकुंदा यांचा.

टाळ्यांचा कडकडाट झाला. मुकुंदाला वाटलं, आपण नीट ऐकलं नसेल. मग तो व्यासपीठाच्या पायरीशी गेला.

"बापूसाहेब, मग आम्ही सराव कुठं करायचा?"

बापूसाहेबांनी मोठ्या मायेने खाली पाहिलं. पाठीवर थाप मारायला हात उचलला आणि वेळेवर मागे घेतला.

"वेड्या," ते म्हणाले, "कप आला ना? आता सराव कशाला?"

तात्पर्य: बाळांनो, जीव तोडून मेहनत करावी, पण जिंकू नये. हरलेल्याच्या मैदानावर फार तर हत्ती उभे राहतात. ते संध्याकाळी घरी जातात.