तेरा सेकंदांची भिंत

रविवारी सकाळी प्रार्थनेला निघालेली डार्लीन टिमरमन चौकातल्या वळणावर खुर्चीसकट मिटली. खुर्ची अंगणात ऊन खात बसण्याची, घडीची, हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांची होती. आणि मोटारीत चालकाशेजारचे मूळ आसन ज्या जागी असावयाचे, त्या जागी ती सुतळीने बांधलेली होती. मूळ आसन गेले तीन दिवस गॅरेजात पडून होते. वळण काही फार तीव्र नव्हते. परंतु घडीच्या खुर्चीस मिटण्यासाठी मोठे कारण लागत नाही.

"ऑर्व्हिल," घडीच्या आतून आवाज आला, "गाडी थांबव."

"लागलं का गं?"

"आधी थांबव. मग सांगते, कुणाला काय लागणार आहे ते."

ऑर्व्हिल टिमरमन हा वास्तविक अत्यंत सज्जन गृहस्थ. वय सत्तेचाळीस, हार्डवेअरच्या दुकानात गल्ल्यामागे उभा राहून खिळे-बिजागऱ्या विकण्याचा व्यवसाय, आणि आवाज असा मृदू की गिऱ्हाइकाला दोनदा विचारावे लागे. मात्र हार्लन मिल्स गावाबाहेर मक्याच्या शेतांमधून पाव मैल लांबीची एक सरळ डांबरी पट्टी होती, आणि शनिवारी गावातले अर्धे पुरुष आपापल्या घरगुती मोटारी तिच्यावर पळवीत. पाव मैल संपला की खिडकीतून एक चिठ्ठी मिळे. तीवर मोटारीला लागलेला वेळ सेकंदाच्या शतांशापर्यंत छापलेला असे. हीच चिठ्ठी ऑर्व्हिलच्या दुःखाचे मूळ होती.

कारण असे की, मॅव्हिसबाईंच्या उपाहारगृहात कॉफीच्या यंत्राशेजारी एक भिंत होती. ज्याने चौदा सेकंदांच्या आत पाव मैल कापला, त्याची चिठ्ठी त्या भिंतीवर टाचली जाई. भिंतीचा नियम एकच: कागद दाखवा. "पट्टीच्या बोर्डावर आकडा दिसला होता", "सगळ्यांनी पाहिलंय", "देवाशपथ" असली विधाने मॅव्हिसबाई कॉफीबरोबर ऐकून घेत आणि कॉफीबरोबरच विसरून जात. त्या भिंतीवर मधोमध, अकरा वर्षांपासून, तेरा पूर्णांक अठ्ठ्याण्णव शतांशांची एक चिठ्ठी होती. ती ग्लेनची. ग्लेन म्हणजे डार्लीनचा थोरला भाऊ; आठवडाभर जिल्ह्यातले तराजू आणि वजने तपासणारा सरकारी निरीक्षक, आणि शनिवारी त्याच पट्टीवर सुरक्षा अधिकारी. दर वर्षी थँक्सगिव्हिंगच्या सणाला, सगळ्या कुटुंबाच्या जेवणात, बटाट्याचे भांडे फिरू लागले की तो म्हणे, "ऑर्व्हिलला आधी द्या रे. त्याला पोचायला वेळ लागतो." अकरा वर्षे ऑर्व्हिलने ते बटाटे गिळले होते.

या वर्षी मात्र त्याने निश्चय केला. वसंतात त्याची बदामी सेदान चौदा एकतीसला धावत होती. प्रथम त्याने मागच्या चाकांना मऊ रबराचे रुंद टायर चढविले. वेळ चौदा सतरावर आला. परंतु ते रबर इतके चिकट की रस्त्यावरची खडी उचलून मोटारीच्या पोटावर हाणीत असे, आणि ऑर्व्हिल गावातून जाऊ लागला म्हणजे कोणी लाह्या भाजत चालला आहे असा भास होई. नंतर त्याने धुराचे नळकांडे बदलून मोकळे केले. चौदा अकरा! पण रविवारी टिमरमन दांपत्याची मोटार बाहेर उभी राहून शांत होईपर्यंत पाद्रीसाहेबांना प्रवचन थांबवावे लागे.

त्यानंतर राहिले वजन. पट्टीवरच्या जाणत्या मंडळींचा हिशेब आहे की, शंभर पौंड उतरविले की सेकंदाचा दहावा हिस्सा वाचतो. ऑर्व्हिलने जादा चाक काढले, जॅक काढला, मागचे बाक काढले आणि शेवटी, डार्लीन बहिणीकडे गेलेली पाहून, तिचे आसन काढले. स्वतःलाही काढता येईल तेवढे काढावे म्हणून त्याने मॅव्हिसबाईंचे डोनट वर्ज्य केले.

"तब्येत बरी नाही की माझं तेल वाईट झालंय?" मॅव्हिसबाईंनी विचारले.

"तसं नाही हो. एक डोनट म्हणजे..." ऑर्व्हिलने मनात भागाकार केला, "शतांशाचाही फार लहान भाग. पण भागच."

"मग कॉफी तरी कशाला पितोस? तीही वजनच की."

त्या दिवसापासून त्याने कॉफीही अर्धा कप घेण्यास आरंभ केला. वेळ चौदा शून्य दोनवर येऊन थबकला. आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी डार्लीन मिटली.

"हे बघ," खुर्चीतून मोकळी होऊन ती म्हणाली, "येत्या शनिवारी तुमचं ते पळणं या वर्षापुरतं संपतंय ना? रविवारी मला माझी जागा हवी. नाहीतर मी टपावर बसेन आणि सगळ्या गावाला हात करत जाईन."

"शनिवारपर्यंत फक्त."

"आणि शनिवारी चर्चचं जेवण आहे चार वाजता. सरबताला बर्फ तू आणणार आहेस. आठ पिशव्या. तुझ्याच दुकानातून."

"आणतो."

"विसरलास तर ते मागचं बाक गॅरेजातच राहू दे, त्यावरच बस. बसायला मिळणार नाही तुला घरात."

शनिवार उजाडला तो ऑक्टोबरात शोभणार नाही इतका गरम. दुकान दुपारी बंद होत असल्यामुळे ऑर्व्हिलने बर्फाच्या आठ पिशव्या सकाळीच मागच्या डिकीत ठेवल्या आणि तसाच पट्टीवर गेला. तपासणीच्या तंबूपाशी ग्लेन हातात कागद लावलेली फळी घेऊन उभा होता. त्याने टायर पाहिले, ब्रेक दाबून पाहिले, आणि आत डोकावून बहिणीच्या आसनाची रिकामी जागा पाहिली.

"डार्लीन घर सोडून गेली का काय?"

"घरी आहे."

"बरं. हेल्मेट?"

"नाही आणलं. तीन पौंड भरतं."

"नियम माहीत आहे ना? चौदाच्या आत धावणाऱ्याला हेल्मेट सक्तीचं." ग्लेनने फळीवर खूण केली आणि त्याच्या खांद्यावर थोपटले. "तुला काय त्याचं? जा, मजा कर."

पहिल्या फेरीत ऑर्व्हिलला चौदा शून्य सहा लागले. म्हणजे मोटार मागे गेली होती! तो डिकी उघडून विचार करू लागला, आणि डिकीतून ऐंशी पौंड बर्फ त्याच्याकडे पाहू लागला. आपण तीन पौंडांचे हेल्मेट टाळले आणि ऐंशी पौंडांचे सरबत पळविले, हे आता त्याच्या ध्यानात आले.

बर्फ उतरविणे भाग होते. परंतु उन्हात ठेवावा तर वितळतो. अशा वेळी त्याला आठवले की, इंजिनात शिरणारी हवा जितकी थंड तितका जोर अधिक. बर्फ वाया जाणारच असेल, तर तो निदान सत्कारणी लागावा, असा विचार करून त्याने बॉनेट उचलले आणि हवा ज्या मार्गाने आत जाते त्या धातूच्या भागावर एकामागून एक पिशव्या रचल्या. चार पिशव्या पंधरा मिनिटांत गेल्या. उरलेल्या चार त्याने, चर्चची मनोमन क्षमा मागून, त्याच मार्गाने पाठविल्या. मग वितळलेले पाणी पुसून बॉनेट लावले, टायरांतली हवा थोडी उतरविली, खिशातल्या किल्ल्या काढून गवतात ठेविल्या आणि तो रेषेवर गेला.

हिरवा दिवा लागला. मऊ रबराने डांबराला असे धरले की ऑर्व्हिलची टोपी मागच्या काचेवर जाऊन आपटली. मक्याची कणसे एकच पिवळी रेघ झाली. पट्टीच्या शेवटी बोर्डावर आकडे उमटले: तेरा शहाण्णव.

तो रडला नाही. फक्त चिठ्ठीच्या खिडकीपर्यंत मोटार नेताना त्याला रस्ता जरा धूसर दिसला. खिडकीत ग्लेन उभा होता. चिठ्ठी ग्लेनच्या हातात होती, आणि ग्लेनने ती शांतपणे चार तुकडे करून खिशात घातली.

"अरे ग्लेन, काय करतोस हे?"

"चौदाच्या आत, विनाहेल्मेट. फेरी बाद. बाद फेरीची चिठ्ठी देत नाहीत."

"अरे, पण अकरा वर्षं झाली मला."

"नियम म्हणजे नियम. तराजूवर मी सख्ख्या काकाला सोडलं नाही." ग्लेनने बंदीची छापील वही काढली. त्याच्या चेहऱ्यावर कर्तव्याचे समाधान पसरले होते. "तीस दिवस पट्टीवर येणं बंद. नाव: ऑर्व्हिल टिमरमन."

ऑर्व्हिल हताश होऊन त्या पेनाकडे पाहत राहिला. पेन पुढे सरकले.

"गुन्हा: हेल्मेट न घालता चौदा सेकंदांच्या आत धावणे," ग्लेन मोठ्याने वाचत लिहू लागला. "प्रत्यक्ष वेळ..."

ऑर्व्हिल सावरून ताठ बसला.

"तेरा शहाण्णव," तो म्हणाला.

"माहीत आहे मला."

"नीट लिही. शतांश पुसट झाले तर मी अपील करीन."

"काही पुसट नाही. हे बघ, ठळक लिहिलंय."

"अक्षरातही लिही. नऊचा सात वाचतात लोक."

ग्लेनने अक्षरातही लिहिले. आपल्या कामात कोणी खोट काढलेली त्याला खपत नसे.

"तारीख राहिली. आणि सही? अधिकाऱ्याची सही नसली तर बंदी लागू होते का?"

"तू मला शिकवू नकोस." ग्लेनने झोकदार सही केली, तीवर पट्टीचा शिक्का मारला आणि कागद फाडून त्याच्या हातात दिला. "घे. थँक्सगिव्हिंगला वाचून दाखव सगळ्यांना."

"थँक्सगिव्हिंगपर्यंत थांबवणार नाही माझ्याच्यानं," असे म्हणून ऑर्व्हिल निघाला.

चर्चच्या जेवणात त्या संध्याकाळी कोमट सरबत वाटण्यात आले. बर्फ कुठे गेला हे डार्लीनने ऐकून घेतले, कागद वाचला, पुन्हा वाचला आणि शेवटी भावाला गाठून विचारले, "ग्लेन, तीसचे साठ करता येतात का रे?"

सोमवारी सकाळी मॅव्हिसबाईंनी चष्मा लावून तो कागद उजेडात धरला. वेळ आकड्यांत होता आणि अक्षरातही होता. सही होती, शिक्का होता. "भिंतीवरच्या एकाही चिठ्ठीवर सही नाही," त्या म्हणाल्या, आणि तेरा अठ्ठ्याण्णवची चिठ्ठी बोटभर खाली सरकवून त्यांनी तो मधोमध टाचला.

दहाच्या सुमारास ग्लेन आला. कॉफी घेण्यासाठी यंत्राकडे वळला आणि तसाच उभा राहिला. कप भरून ओसंडू लागला तरी त्याचे लक्ष नव्हते. मग तो ऑर्व्हिलच्या टेबलाशी येऊन बसला आणि प्रथमच हळू आवाजात बोलला.

"ऑर्व्हिल, मी जरा जास्तच कडक वागलो. तपासणीत मीच तुला जाऊ दिलं होतं. ती बंदी मी रद्द करतो. तेवढा कागद परत दे."

"छे, छे," ऑर्व्हिल गंभीरपणे म्हणाला. "नियम म्हणजे नियम. गुन्हा केलाय, तर शिक्षा भोगायलाच हवी."

आणि त्याने ती भोगली. पट्टी पुढच्या वसंतापर्यंत बंदच होती. तरीही तीसच्या तीस दिवस तो रोज सकाळी त्या भिंतीसमोर बसला, आणि प्रत्येक दिवशी त्याने पूर्ण कप कॉफी व दोन डोनट घेतले.