खलाटे सरांचा मळीचा तास

आमच्या खलाटे सरांना कोणी नमस्कार केला, की ते उलट नमस्कार करत नाहीत. खांद्यावरच्या पिशवीतून एक बरणी काढतात, झाकण उघडून समोरच्याच्या नाकाखाली धरतात आणि विचारतात, "बोला, कसला वास येतोय?"

बरणीत काय निघेल ते ज्याच्या त्याच्या नशिबावर. कधी उसाचं ओलं चिपाड, कधी गोबरगॅसची स्लरी. एकदा नव्या प्राचार्यांच्या स्वागताला सगळे हार घेऊन उभे होते आणि सर बरणी घेऊन. प्राचार्य अजून त्यांना लांबूनच हात जोडतात.

सर बारामतीला आमच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतात, मी अर्थशास्त्र. ते राहायला भवानीनगरला, मी इंदापूरला, म्हणून रोज संध्याकाळी माझ्याच गाडीतून येतात. त्या बरण्यांपायी माझ्या बायकोने गाडीत बसणं सोडलंय. ती म्हणते, "एसटी बरी."

सरांना एकच ध्यास, जैव-अर्थकारणाचा. म्हणजे काय, असं चुकूनही विचारू नये. विचारलंच, तर चहा गार होतो. "साखर ही पोटाची सोय झाली. चिपाडातनं वीज, मळीतनं इथेनॉल, शेणातनं गॅस, ही देशाची सोय! पण त्याचं धोरण लिव्हतं कोण? ज्यानं रसाचा गाडासुदीक जवळनं बघितला न्हाय, त्यो! आवं, आधी नाकाला इचारा, मग कायदा करा!"

मग त्यांनी स्वतःच एक पदव्युत्तर अभ्यासक्रम तयार केला. मुलांनी सकाळी प्रयोगशाळेत बरण्यांशी झगडायचं आणि दुपारी कायदे, परवाने, सरकारी धोरणं शिकायची. दुपारचा भाग त्यांनी माझ्या गळ्यात मारला. "मागणी-पुरवठ्याच्या त्याच दोन रेघा किती वर्सं वढताय? पोरांचं ऱ्हाऊ द्या, फळा कंटाळला." मला राग आला, पण बोलणं खोटं नव्हतं. मी हो म्हटलं.

मे महिन्यात सर निवृत्त होणार होते. अभ्यासक्रम मंजूर झाला, तर त्यांना मानद शिक्षक म्हणून येत राहता येणार होतं. नाहीतर बरण्यांसकट घरी. त्यामुळे जानेवारीत विद्यापीठाची समिती यायची ठरली, तेव्हा सरांनी आठवडाभर आधीपासून कोणालाही सुखाने बसू दिलं नाही.

समिती आली. जेवण प्रयोगशाळेतच ठेवलं होतं. आमच्याकडे उसाच्या हंगामात पाहुण्याला चपातीबरोबर काकवी वाढल्याशिवाय जेवण झालं असं कोणी म्हणत नाही. सरांनी ती स्वतःच्या हाताने वाढायला घेतली. बाटली नाकाशी नेली, डोळे मिटून "वा! कालच्याच गुऱ्हाळाची!" असं जाहीर केलं आणि सगळ्यांच्या वाट्या भरल्या.

पुण्याहून आलेले अध्यक्ष घास चावत म्हणाले, "चव वेगळीच आहे. थोडी कडवट, नाही?"

मी वाटीत बोट बुडवून चाखलं. ती काकवी नव्हती. नमुन्यासाठी आणलेली मळी होती, साखर काढून घेतल्यावर कारखान्यात उरतो तो काळा पाक. जी कारखान्याबाहेर न्यायलासुद्धा सरकारचा परवाना लागतो, ती विद्यापीठाची अख्खी समिती चपातीला लावून खात होती.

मी सरांच्या कानात सांगितलं. सर पांढरेफटक पडले. मग हात जोडून उभे राहिले. "साहेब, माफी असावी. माझ्या हातनं काकवीच्या जागी मळी वाढली गेली. इषारी न्हाय, भिऊ नका. पण हिच्यावर सरकारचे नेम काय हायत, ह्या टेबलावर कुणाला सांगता येतील? मला तर येत न्हाईत. म्हणून तर ह्यो अभ्यासक्रम पायजे!"

मग अध्यक्ष जे हसायला लागले, ते ठसका लागेपर्यंत. पाणी पिऊन त्यांनी दुपारभर आमची उलटतपासणी घेतली, आणि निघताना सरांचा हात धरून म्हणाले, "शिफारस पक्की समजा. जूनपासून सुरू करा. फक्त वाढायला दुसरं कोणीतरी ठेवा."

परतताना मात्र मी सरांवर उखडलो. "अहो, बाटली तर हुंगली होती तुम्ही!"

सर बाहेरच्या उसाकडे बघत म्हणाले, "सायेब, मला वास येत न्हाय. करोनात गेला, त्यो परत आलाच न्हाय."

"मग या बरण्या?"

"पोरं सांगत्यात की! कुणी म्हणतं आंबलेल्या ताकागत, कुणी म्हणतं भिजल्याल्या पोत्यागत. त्यांनी सांगितलं की मला त्यो वास आठवतो. घरी कोण सांगणार? ही गेल्यापास्नं भाजी करपली तरी धूर दिसल्यावर कळतं." मग एकदम हसून म्हणाले, "पण आता काळजी न्हाय. जूनपास्नं नवी पोरं येणार."

इतकी वर्षं मी या माणसाला वासाचं वेड आहे म्हणून हसत होतो. भवानीनगरचा साखर कारखाना जवळ आला. मी काच खाली केली.

"सर, रस उकळतोय. गोड वास आहे, पण घशाला जरा खवखवतो. आणि कोणाच्या तरी शेतात पाणी सोडलंय, ओल्या मातीचा येतोय."

सरांनी डोळे मिटून मान मागे टेकली.

"गाडी जरा हळू घ्या," ते म्हणाले.