लाल पलंगपोस

"वर पोचलीस की आधी खाली बसायचं. दम घ्यायचा. मग उठून लाल पलंगपोस हलवायचा. मी खिडकीतच असेन. आणि बाराच्या आत हं! दुपारचा वारा त्या माथ्यावर कुणाचं ऐकत नाही."

आईचं हे सांगणं ताईच्या कानात घोळत होतं. गुडघे धड होते तोवर आई स्वतः दरसाल त्या डोंगरावर जायची. आता तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि नव्या नजरेने लांबचं पहिलं काय बघायचं तर माथ्यावर उभी असलेली लेक, असा तिचा हट्ट होता. ताईने शब्द दिला होता. पण रविवार उजाडायचा, आई खिडकीत जाऊन बसायची आणि इथे बेत पुढे ढकलला जायचा.

ताई दातांच्या दवाखान्यात पेशंटना आत सोडायचं काम करायची. "बसा, नंबर आला की बोलावते," हे दिवसभर दुसऱ्यांना सांगणाऱ्या ताईचा स्वतःचा नंबर काही लागत नव्हता.

कारण नवऱ्याने बेत हातात घेतला होता. तो रंगाच्या कारखान्यातल्या गोदामाचा प्रमुख, त्यामुळे सगळं त्याला पोत्याने लागे. त्याचा धाकटा भाऊ विमा विकायचा, म्हणून त्याला जिन्यातही अपघात दिसे. तासाभराच्या चढावासाठी दोघांनी तंबू आणला, शेगडी आणली आणि शेवटी एक जाडजूड दोर आणला.

"माथा उघडा आहे वहिनी," भाऊजी म्हणाले. "आडोशाला झाड नाही. वारा आला की माणूस गेलाच!"

"आई पदर खोचून जायची," ताई हळूच म्हणाली.

"तेव्हाचा वारा वेगळा होता."

या रविवारी मात्र सगळे पहाटेच तयार झाले. जाऊबाई डबे घेऊन आल्या. निघताना नवऱ्याला आठवलं की दोराची तालीम राहिलीच. त्याने दोराचं एक टोक खिडकीच्या गजाला बांधलं, मग भावाच्या कमरेला, मग जाऊबाईंच्या आणि शेवटी स्वतःच्या.

"ओढा बघू जोर लावून! माझ्या हातची गाठ आजवर सुटलेली नाही!"

सगळ्यांनी ओढलं. गाठी खरोखरच सुटल्या नाहीत. मग सोडवायला घेतल्या, तेव्हाही सुटल्या नाहीत.

ताई स्वयंपाकघरातून पाण्याच्या बाटल्या भरून आली, तेव्हा तिघं खिडकीला वाळत घातलेल्या कपड्यांसारखे ओळीने उभे होते.

"हसू नका वहिनी! नखं लावा नखं!"

ताईने नखं लावली. दोन तुटली. मग ती सुरी घेऊन आली.

"खबरदार!" नवरा ओरडला. "नवाकोरा दोर आहे!"

"आणि गाठ माझ्या पोटावर आहे," भाऊजी पांढरे पडत म्हणाले.

"दादा, कापू द्या की तिला," जाऊबाई थोरल्या दिरावर वैतागल्या. "दोर काय, तुम्ही दोघं काय, सारखेच गुंतागुंतीचे!"

"कापायचा नाही म्हणजे नाही. सुटेल हळूहळू. डोंगर कुठे पळून जातोय? पुढच्या रविवारी जाऊ."

ताईने घड्याळाकडे पाहिलं. आई एव्हाना खिडकीत बसली असणार.

"मग तुम्ही सोडवत बसा," ती शांतपणे म्हणाली. "मी जाऊन येते."

"एकटी? तू? स्टुलावर चढायचं तर मला हाक मारतेस! तू एकटी वर जाऊन आलीस ना, तर तुझ्या आईला खुर्चीत बसवून मी वर नेतो. शब्द आहे माझा!"

"मी ऐकलंय हं," जाऊबाई म्हणाल्या.

ताईने पलंगपोस काखेत मारला, हाताला लागली ती पिशवी उचलली आणि मनात देवाला हात जोडून निघाली.

चढाव घाम काढणारा निघाला. शेवटच्या टप्प्यावर दोन्ही बाजूंना नुसतं आभाळ होतं. तिथे ती चक्क रांगत गेली; बघायला कोण होतं? वर पोचल्यावर आईच्या सांगण्याप्रमाणे आधी बसली, दम घेतला, मग उठली. पलंगपोस उलगडताच वाऱ्याने तो असा फुगवला की सगळं आभाळच तिच्या मुठीत आल्यासारखं वाटलं. बारा वाजायचे होते.

फोन वाजला.

"दिसलीस गं!" आई ओरडली. आणि लगेच म्हणाली, "इस्त्री नाही केलीस ना त्याला?"

ताई हसत हसत खाली बसली आणि तिने पिशवी उघडली. आत सगळ्यांचे डबे होते.

घरी आली तेव्हा तिघंही मोकळे होते. दुपारभर उपाशी राहून पोटं इतकी आत गेली की दोर आपोआप पायांशी घसरला होता. गाठी तशाच होत्या. जाऊबाईंनी ताईच्या नवऱ्याला स्वयंपाकघरातली खुर्ची दाखवली.

शनिवारी झोपताना नवरा म्हणाला, "तुझ्या आईचं वजन किती असेल गं?"

"पलंगपोसापेक्षा थोडं जास्त."

रविवारी पहाटे दार हळूच वाजलं म्हणून ताई खिडकीशी गेली. खाली रस्त्यावर नवरा आईच्या घराच्या दिशेने निघाला होता. पाठीवर स्वयंपाकघरातली खुर्ची, नव्याकोऱ्या दोराने आवळून बांधलेली. गाठ त्याने स्वतःच्या हाताने मारली होती, आणि तिच्याबद्दल आता घरात कुणालाच शंका नव्हती.