गुरुवारच्या उपासाची हकीकत

श्रीगजाननास व शारदेस नमन करोन ही हकीकत लिहिली आहे. ज्यांचे पोट भरले असेल त्यांनी अंमळ धीराने ऐकावी. शके एकोणीसशे चाळीस, विलंबीनाम संवत्सर, मार्गशीर्ष मास. ते समयी माळावरील विद्यानगरीत कुलगुरु महाराज राज्य करीत होते. राज्य थोर, कमानी उंच, आणि गरिबी हटविण्याची मसलत दर गुरुवारी नेमाने भरे. पंडित येत आणि बोलत आणि श्रीखंडपुरी जेवीत, मग उरले अन्न शिपाई उकिरड्यावर लोटीत. आता यांस काय म्हणावे!

त्याच राज्यात जमुना वळवी नामे विद्यार्थिनी डोंगरमुलखातून शिकावयास आली. हुशार बहुत, परंतु खानावळीचे पैसे कोठून आणावे? मग पायथ्याच्या गावची गयाबाई खरात पुढे जाहली आणि म्हणाली की, पोरी, जुन्या चालीने वार लावू, रोज एकेका घरी जेव आणि आमच्या लेकरांस शिकव. घरे तरी कोणती? ज्यांचे रान राज्याने घेतले, तीच. सहा वार लागले. गुरुवार तेवढा राहिला, कारण त्या दिवशी गावच्या बायका भाजीच्या पाट्या घेऊन दूर तालुक्याच्या बाजारास जात आणि रात्री परतत, गावात चूल पेटत नसे. पूर्वी गावचा आपला बाजार होता. त्याच जागी राज्याने गरिबीच्या मसलतीस दिवाणखाना बांधिला. घ्या!

मग गयाबाईने दरबारी अर्ज केला की, पोरीस गुरुवारचे एक ताट द्यावे. आणि मन मोठे असेल तर मुदपाकखानाच गावच्या बायकांस द्यावा, भाजी आमची घ्यावी, म्हणजे तुमची पोरे जेवतील आणि आम्हांस रोजगार होईल. महाराजांचे दिवाणसाहेब बोलिले, उत्तम, समिती नेमू. समिती बसली ती बसलीच. इकडे जमुना गुरुवारी नुसते पाणी पिऊन ग्रंथालयी बसे, आणि एके गुरुवारी भोवळ येऊन पडली. मग तिने गयाबाईस सांगितले, "मावशी, पौष लागला की मी घरी जाते. उपाशीपोटी अक्षर दिसत नाही." दिवाणसाहेबांनी मात्र तो अर्ज विसरोन आपणच ताडले की, मार्गशीर्षातला गुरुवार, पोरीचे व्रत असणार! पुसावयाचे कष्ट कोण घेतो? अक्कल गहाण पडली होती.

मग पुढील गुरुवारी भर मसलतीत जमुनेस शाल पांघरविली आणि नारळ दिला, आणि महाराजांनी तिचे निष्ठेची बहुत तारीफ करोन दोन शब्द बोलण्याची आज्ञा केली. जमुना पायरीवर बसली, नारळ फोडिला, पाणी प्याली आणि खोबरे दातांनी ओरबाडोन खाऊ लागली. महाराज म्हणाले, "अगं, उपास मोडलास की."

"उपास नव्हता, महाराज," जमुना म्हणाली. "गुरुवारचं घर मिळालं नव्हतं."

त्या दिवशी पंक्तीत तिचे पान मांडिले, आणि पुढील गुरुवारी मांडावयाचे कोणास स्मरणही राहिले नाही. मग गयाबाईने आपला गुरुवारचा बाजार बुडविला आणि चूल पेटविली, म्हणोन जमुना राहिली. सारांश, राज्याने समितीत आणखी दोन पंडित नेमिले, आणि भाकरी गयाबाईने थापिली. येणेप्रमाणे घडले ते लिहिले. लिहिणाराचेही डोके दुखते आहे.