कृष्णातचा बसलेला घसा

"ते माझ्यावर सोडा," असं कृष्णात म्हणाला, की त्याच्या घरची माणसं हातातली कामं ठेवून काळजीला लागत. इस्लामपूरच्या अलीकडं त्याचं गाव, नऊ एकर ऊस, दारात स्वतःचा ट्रॅक्टर, आणि गावात कुठंही चार माणसं जमली की बोलणारं तोंड कृष्णातचं. त्यामुळं त्याच्या साडेपाच वर्षांच्या साक्षीला सांगलीच्या इंग्रजी शाळेत पहिलीला घालायचं ठरलं, आणि तिथं आईबापांनाही बोलावतात असं कळलं, तेव्हा त्यानं सोसायटीच्या कट्ट्यावर सांगून टाकलं, की मुलाखतच ना, ते माझ्यावर सोडा! कारखान्याच्या सभेत ज्याच्या हातातला माईक कुणाला काढून घेता येत नाही, त्याला एक मॅडम काय अवघड?

शाळावाले तिला मुलाखत म्हणत नव्हते. तशी घ्यायला बंदी आहे म्हणे, म्हणून ते तिला 'भेट' म्हणत. मात्र या भेटीला जायचं तर चाळीस प्रश्नांची तयारी लागते, असं क्रांतीचा भाऊ धैर्यशील म्हणाला. क्रांती म्हणजे कृष्णातची बायको, आणि हा मेव्हणा साताऱ्यात बँकेत. चाळीसच्या चाळीस प्रश्न वहीत उतरवून तो दोन रविवार शिकवायला आला.

साक्षीनं चार दिवसांत इंग्रजीतून रंग, फळं आणि जनावरं पाठ केली. क्रांती बी.कॉम. झालेली, तिचं निभलं. अडलं ते कृष्णातचं. भल्याभल्यांना गप्प करणारी त्याची जीभ इंग्रजीचा बांध आला की तिथंच बसकण मारायची. आयुष्यातलं ध्येय काय, असं धैर्यशीलनं इंग्रजीत विचारलं, तर कृष्णात "येस" म्हणाला आणि घाम पुसायला लागला. त्याची आई बनुबाई सोप्यात ज्वारी निवडत हे सगळं ऐकत होती. ती म्हणाली, "आरं, शाळेत पोरीला घालायचंय का तुला?"

भेटीच्या आदल्या दिवशी कृष्णातनं युक्ती काढली. घशाला मफलर गुंडाळायचा. घसा बसलाय, डॉक्टरांनी बोलायची बंदी केलीय, असं क्रांतीनं सांगायचं, आणि सगळी उत्तरंही तिनंच द्यायची.

"त्यापरीस इंग्रजी येत न्हाई म्हणून सांगा की," क्रांती म्हणाली.

"हसत्यात माणसं," कृष्णात म्हणाला. अकरावीत इस्लामपूरच्या कॉलेजात तो एकदा इंग्रजी धडा वाचायला उभा राहिला होता. दुसऱ्या ओळीला सगळा वर्ग हसला, तिसऱ्या ओळीला सरही. त्यानंतर तो कॉलेजात गेला नाही. घरच्या शेतीला माणूस कमी पडत होतं, असं तो सगळ्यांना सांगत आला होता. क्रांतीलाही तेवढंच माहीत होतं.

साक्षीला समजवायचं काम त्यानं स्वतः केलं. दादाचा घसा दुखतोय, शाळेत दादा बोलणार नाही. घरात सगळे त्याला दादा म्हणत, म्हणून तीही बापाला दादाच म्हणायची.

"पण तू आत्ता बोलतोयस की."

"उद्यापास्नं दुखणार हाय," कृष्णात म्हणाला.

दुसऱ्या दिवशी फेब्रुवारीच्या रणरणत्या उन्हात गळ्याला लोकरीचा मफलर लावून कृष्णात शाळेच्या फाटकातून आत शिरला. वॉचमननं विचारपूस करून खिशातला ज्येष्ठमधाचा तुकडा त्याच्या तोंडात कोंबला. हॉलमध्ये बसलेल्या मिरजेच्या एका बाईंनी शिपायाकडून गरम पाणी आणि मीठ मागवलं आणि बेसिनपाशी उभं राहून त्याच्याकडून गुळण्या करवून घेतल्या. आवाज न करता गुळणी करायला लागली की माणसाचं काय होतं, हे ज्यानं केलंय त्यालाच ठाऊक. निम्मं पाणी त्याच्या नाकातून आलं. बाई म्हणाल्या, बघा, मोकळं होतंय.

तेवढ्यात फोन वाजला. ऊसतोड टोळीच्या मुकादमाचा. टोळी रानात उतरली होती आणि त्याला विचारायचं होतं, की ओढ्याकडचा तुकडा आजच तोडायचा का. ओढ्याकडचा तुकडा म्हणजे कृष्णातनं पुढच्या लागणीसाठी जीव लावून राखलेला बेण्याचा ऊस! त्याला कोयता लावायचा नव्हता, आणि हे त्यानं काल मुकादमाला सांगायचं ठरवलंही होतं, पण काल घशाच्या तयारीत ते राहून गेलं. आता समोर मिरजेच्या बाई, दारात शिपाई, क्रांती साक्षीला घेऊन पाणी पाजायला गेलेली. कृष्णातनं दोनदा जोरात खाकरून नाही म्हणायचा प्रयत्न केला.

"बरं बरं, मालक," मुकादम म्हणाला, आणि फोन ठेवला. परत लावावा तर शिपायानं साक्षीचं नाव पुकारलं.

मुख्याध्यापिका पद्मा मॅडम पन्नाशीच्या होत्या. क्रांतीनं घशाची हकिगत सांगितली, त्यांनी मान हलवली, आणि पहिला प्रश्न विचारला तो चक्क मराठीत. ऊस गेला का तुमचा कारखान्याला? त्या जतच्या निघाल्या. आमच्याकडं पावसाळ्यातही टँकर येतो, एवढा हिरवा ऊस दिसला की मी गाडी थांबवून बघत बसते, असं म्हणाल्या. मग त्यांनी एकामागून एक विचारायला सुरुवात केली. ठिबक केलंय का, लागण कधी करता, तोडलेल्या उसाचा खोडवा किती वर्षं ठेवता, मुळं खाणाऱ्या हुमणीला काय मारता. कृष्णातच्या आयुष्यात इतके सुंदर प्रश्न त्याला एका दमात कुणी विचारले नव्हते. आणि तो तोंड शिवून बसला होता. क्रांती बँकेच्या परीक्षेची तयारी केलेली बाई, तिला हुमणीतलं काय कळणार? तिनं ठोकून दिलं, की हुमणीला आम्ही युरिया टाकतो. कृष्णातनं डोळे मिटून घेतले.

मग मॅडम साक्षीकडं वळल्या. रंग झाले, फळं झाली. "एखादी गोष्ट येते का गं तुला?"

साक्षीचा चेहरा खुलला. तिला येत होती ती गोष्ट कृष्णातनंच रचलेली. शेतावर जाताना ट्रॅक्टरवर तो तिला पुढं बसवायचा, आणि बाप सांगायला लागला की लेकीनं हुंकार द्यायचा, लेक सांगायला लागली की बापानं, असा त्यांचा नेम. तोही ट्रॅक्टरच्या आवाजावर जाईल असा मोठ्यानं द्यायचा. हुंकार आला नाही, तर गोष्ट तिथंच थांबायची.

"एक हुता कोल्हा," साक्षी म्हणाली, आणि थांबली.

पोर विसरली असं मॅडमना वाटलं असावं. त्या म्हणाल्या, सांग की पुढं. साक्षी बापाकडं बघत राहिली.

"हूं," क्रांतीनं सावरून घेतलं.

"तू न्हाई. दादा."

कृष्णातनं मफलरकडं बोट दाखवलं. साक्षीनं परत सुरुवात केली, एक हुता कोल्हा, आणि परत थांबली. तिची हनुवटी थरथरायला लागली. मॅडम हळूच म्हणाल्या, असू दे बाळा, आणि कागदावर काहीतरी लिहायला पेन उचललं. त्या पेनाकडं बघताना कृष्णातला अकरावीचा तो वर्ग आठवला. पण या वेळी मधोमध उभी होती ती त्याची पोर, आणि तिला तिथं उभं करून गप्प बसलेला तो.

"हूंऽऽ! मग?"

दारातल्या शिपायाच्या हातातला पेला पडला.

साक्षीला एवढंच हवं होतं. तिनं कोल्ह्याला कारखान्याच्या काट्यावर नंबर लावून बसवलं, ट्रॉलीतल्या उसावर त्याची नजर ठेवली, शेवटी काट्यावर चढवून त्याचंच वजन करवलं, आणि बाप गळ्यात मफलर घालून शेवटपर्यंत ट्रॅक्टरवरच्या आवाजात हुंकार देत राहिला. गोष्ट संपली तेव्हा मॅडमनी टाळ्या वाजवल्या. मग त्या कृष्णातकडं बघायला लागल्या.

"घसा बरा हाय, मॅडम," तो खाली बघत म्हणाला. "इंग्रजी येत न्हाई."

"ते मी विचारणारच नव्हते," मॅडम म्हणाल्या. "घरात मुलाशी कोण बोलतं, एवढंच आम्ही बघतो. तुमची मुलगी घेतली आम्ही. आणि हुमणीला युरिया नका टाकू."

एखाद्या बापानं उडीच मारली असती. कृष्णातला मात्र खुर्चीतून उठणं जड झालं. हॉलमधून जाताना मिरजेच्या बाईंनी विचारलं, आता कसं वाटतंय? तो "बरं वाटतंय" म्हणाला, आणि बाई गुळण्यांचा गुण सगळ्यांना सांगायला लागल्या. त्याला आणखीनच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

जीपपाशी आल्यावर त्यानं मुकादमाला फोन लावला. बेण्याचा तुकडा आडवा झाला होता, कारखान्याला जायची पहिली ट्रॉली भरायला लागली होती. "मालक, तुमी दोनदा हं हं केलं न्हवं?" मुकादम म्हणाला. त्याला शिव्या द्यायचंही तोंड कृष्णातला राहिलं नव्हतं.

गावाकडं निघाले. सांगली मागं पडली. मग साक्षीनं विचारलं, "दादा, तू गप का बसलावतास? माझी लाज वाटत हुती तुला?"

कृष्णातनं जीप रस्त्याच्या कडेला घेतली.

"न्हाई गं बाळा. माझी मलाच वाटत हुती."

"म्हंजे?"

हे पोरीला कसं सांगायचं, ते त्याला सुचेना. शेवटी त्याला जे येत होतं, तेच त्यानं केलं.

"एक हुता माणूस," तो म्हणाला.

"हूं."

"त्याला वाटायचं, आपल्याला समदं बोलता येतंय."

"हूं."

"एक दिवस त्याला शाळेत बोलावलं."

"हूं. मग?"

इथं कृष्णात अडला. बाजूला बसलेली क्रांती खिडकीतून बाहेर बघत होती. तिकडंच बघत ती म्हणाली, "हूं. मग?"

"मग काय," कृष्णात म्हणाला. "त्यानं बेण्याचा ऊस तोडून टाकला."

"असं न्हाई," साक्षी म्हणाली. "घशापास्नं सांग."

कृष्णातनं मफलर सोडून मागच्या सीटवर टाकला, आणि अकरावीच्या वर्गापासून सुरुवात केली.